कुलगुरूंचं दालन की तक्रारींची खिडकी?

पत्र

मी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाने यंदा विद्यार्थ्यांसाठी प्रशासनातली इंटर्नशिप सुरू केली आहे. तीन महिने, आठवड्याला पंधरा तास, थोडंफार मानधन. माझी निवड झाली आहे आणि दोनपैकी एक जागा घ्यायची आहे : कुलगुरू कार्यालय किंवा परीक्षा विभागातला विद्यार्थी तक्रार कक्ष. मला पुढे उच्चशिक्षणाच्या प्रशासनातच काम करायचंय. कुलगुरू कार्यालयात नेतृत्व जवळून पाहायला मिळेल, म्हणून तिकडे ओढा आहे. पण मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे, तक्रार निवारण समितीवरही आहे. मित्र टोमणे मारतात, ‘झालीस का प्रशासनाची?’ एका मैत्रिणीने तर बातमी कळल्या कळल्या विचारलं, ‘माझ्या पेपरचं जरा बघशील का?’ आणि वडील म्हणतात, एवढं शिकून कारकुनीच करायची होती का. ता. क. कुलगुरूंना भेटायची वेळ मागितली तर आगाऊपणा वाटेल का?

— द्विधा

उत्तर

प्रिय द्विधा,

परीक्षा विभाग घे.

उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालेली बाई खिडकीचीच बाजू घेणार, असं तुला वाटेल. वाटू दे. पण कुलगुरू कार्यालयात इंटर्नच्या हाती काय पडतं ते आधी ऐक. पाहुण्यांच्या याद्या, भाषणाचे मुद्दे, सत्काराची क्रमवारी, समाजमाध्यमांवर टाकायचे फोटो. महत्त्वाच्या बैठकीत तुला बसवतील याची खात्री नाही, आणि बसवलं तरी समोर आलेल्या फाइलवर चार जणांच्या टिप्पण्या आधीच झालेल्या असतात. वरच्या टेबलावर निर्णय येतो तेव्हा त्याचे पर्याय बहुतेक गळून पडलेले असतात. ते कोणी गाळले, का गाळले, कोणत्या नियमाकडे बोट दाखवून गाळले, हे खालच्या मजल्यावर घडून गेलेलं असतं. तुला तिथे सही होताना दिसेल. ती व्हायला सहा महिने का लागले हे दिसणार नाही.

जिने आधी दोन-तीन विभागांत काम केलंय तिच्यासाठी कुलगुरू कार्यालय ही उत्तम जागा आहे. तिला फाइलवरच्या एका ओळीवरून मागचं सगळं रामायण कळतं. तुला अजून ते कळायचं नाही, आणि तीन महिन्यांत कोणी समजावूनही सांगणार नाही, कारण त्या कार्यालयात कोणालाच वेळ नसतो.

आता ‘नेतृत्व जवळून पाहायचंय’ या तुझ्या वाक्याकडे येते, कारण माझ्या मते घोळ तिथेच आहे. कारखान्यात किंवा बँकेत वरून आदेश निघतो आणि खाली बऱ्यापैकी पोहोचतो. विद्यापीठात तसं होत नाही. प्राध्यापकाने वर्गात काय आणि कसं शिकवावं हे कुलगुरू सांगू शकत नाहीत. अभ्यासक्रम ठरवतं अभ्यास मंडळ, त्यावर मोहोर उमटवते विद्वत परिषद, पैशाचा प्रश्न आला की वित्त विभाग आणि व्यवस्थापन परिषद, आणि अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, कोण कधी काय विचारेल याचा नेम नाही. विभागप्रमुख पाळीपाळीने बदलतात, विद्यार्थी दोन-चार वर्षांत निघून जातात, अधिष्ठात्यांची मुदत संपते. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन या अभ्यासकांनी १९७२ साली विद्यापीठांना ‘संघटित अराजक’ म्हटलं होतं. त्यांचं निरीक्षण थोडक्यात असं : इथे उद्दिष्टं धूसर असतात, शिकवण्याची क्रिया नेमकी कशी साधते हे कोणालाच धड माहीत नसतं, आणि निर्णयाच्या वेळी कोण हजर असेल तेही बदलत राहतं. म्हणून प्रश्न, उत्तरं, माणसं आणि बैठका वेगवेगळ्या दिशांनी वाहत असतात. योगायोगाने एकत्र आली की निर्णय होतो. कधी कधी तर उत्तर आधी तयार असतं आणि ते चिकटवायला प्रश्न शोधला जातो. एखादं सॉफ्टवेअर आधी खरेदी होतं आणि ते कशासाठी हवं होतं हे ठरवायला नंतर समिती बसते, तेव्हा मला या तिघांची आठवण यायची.

अशा ठिकाणी नेतृत्व म्हणजे ज्यांना हुकूम देता येत नाही त्यांना हलवणं. ते व्यासपीठावर दिसत नाही. विषयपत्रिकेत कोणता विषय तिसरा घेतला आणि कोणता सतरावा, यात दिसतं. सतराव्या विषयापर्यंत निम्मे सदस्य उठून गेलेले असतात. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ लिहिलं की ‘ठरले’ लिहिलं, यात दिसतं. एखादा जुना अधीक्षक फाइल हातात घेऊन स्वतः दुसऱ्या इमारतीत चालत जातो आणि टपालाने तीन आठवडे लागले असते ते काम दुपारपर्यंत करून आणतो, यातही दिसतं.

म्हणून तक्रार कक्षात गेल्यावर एकच कर : एक विषय धर आणि त्याचा शेवटपर्यंत माग काढ. दहा विभागांची धावती ओळख करून देणारी ‘फिरती’ इंटर्नशिप देऊ केली तर नम्रपणे नाही म्हण. तिने सगळ्यांची नावं कळतात आणि कामकाज कळत नाही.

उदाहरणार्थ, राखीव निकाल घे. प्रत्येक परीक्षेनंतर काही जणांचे निकाल राखून ठेवले जातात आणि खिडकीसमोर रांग लागते. रांगेतल्या विद्यार्थ्याला वाटतं की परीक्षा विभाग निष्काळजी आहे. तू आत बसून पाहा. एकाचा निकाल अडलाय कारण त्याचं पात्रता प्रमाणपत्र पात्रता विभागाने कायम केलेलं नाही. ते केलेलं नाही, कारण आधीच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र महाविद्यालयाकडे पडून आहे. महाविद्यालयाने ते पाठवलं नाही, कारण तिथल्या लिपिकाची बदली झाली आणि नव्याला ते कपाट दाखवलेलंच नाही. दुसऱ्याचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आलेले नाहीत. तिसऱ्याचा बैठक क्रमांक उत्तरपत्रिकेवर चुकलाय. चौथ्याने शुल्क भरलंय, पण चलन जुळत नाही म्हणून लेखा विभागात त्याच्या नावापुढे शून्य आहे. खिडकीवर चौघांनाही एकच उत्तर मिळतं : ‘निकाल राखीव आहे, महाविद्यालयात चौकशी करा.’

आता यातलं काय नियमाने ठरलेलं आहे, काय सवयीने, आणि काय फक्त फॉर्मवर एक रकाना नसल्यामुळे, हे वेगळं काढ. नियम बदलायला परिषदेचा ठराव लागतो, सवय बदलायला परिपत्रक, रकाना वाढवायला विभागप्रमुखाचा होकार. ही तीन कामं वेगवेगळ्या माणसांकडे जातात आणि त्यांना लागणारा वेळ वेगळा असतो. कशासाठी कोणाकडे जायचं हे तीन महिन्यांत तुला नेमकं कळलं, तर पुष्कळ अधिकाऱ्यांच्या पुढे गेलीस. हेच प्रशासन, वडिलांना म्हणावं. कारकुनी कमी लेखणाऱ्यांच्या संस्था कारकुनांच्याच जिवावर चालतात, हेही सांगायला हरकत नाही. पण ते कसे आहेत ते तुला ठाऊक, जपून सांग.

मित्रांच्या टोमण्यात मात्र थोडं तथ्य आहे, त्यामुळे त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कारभारात असणं ही गद्दारी नाही, ही फार जुनी रीत आहे. इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ मानतात. मध्ययुगात तिथे कारभार विद्यार्थ्यांच्या संघांकडेच होता : रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, विद्यार्थ्यांमधून निवडला जाई, आणि व्याख्यान उशिरा सुरू करणाऱ्या शिक्षकाला दंड होई. अर्जेंटिनात कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी १९१८ साली संप करून कारभारात वाटा मिळवला आणि ती लाट लॅटिन अमेरिकेत दूरवर पसरली. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत रेक्टर विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडला जातो. एडिंबरात १९७२ मध्ये गॉर्डन ब्राउन तिथे शिकत असतानाच, एकविसाव्या वर्षी, रेक्टर झाले आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाच्या बैठकांचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. विद्यापीठातले ज्येष्ठ त्यावर किती खूश होते याची कल्पना तू करू शकतेस. २००७ मध्ये ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

पण या सगळ्यांना मत होतं. ते निवडून आलेले होते आणि विद्यार्थ्यांच्या वतीने बोलत होते. इंटर्नला मत नसतं. ती कोणाच्या तरी हाताखाली काम करते आणि त्या कार्यालयाला बांधील असते. तुझ्याकडे आज दोन्ही भूमिका आहेत आणि मित्र नेमकं त्यावरच बोट ठेवतायत, भले त्यांची भाषा बोचरी असेल. प्रतिनिधी म्हणून तू तक्रार निवारण समितीत बसणार, आणि इंटर्न म्हणून त्याच तक्रारींची टिप्पणी तयार करणार? हे चालणार नाही. कितीही प्रामाणिकपणे केलंस तरी चालणार नाही, कारण ज्याची तक्रार फेटाळली जाईल तो पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि बरोबर विचारेल.

माझं मत : विद्यार्थी प्रतिनिधी राहा, पण तक्रार निवारण समितीवरून या तीन महिन्यांसाठी बाजूला हो. तसं लेखी पत्र समितीच्या अध्यक्षांना दे, त्याची प्रत परीक्षा विभागाला दे आणि तुझ्या जागी कोण येणार हे विद्यार्थ्यांना ठरवू दे. तोंडी सांगून भागवू नकोस. प्रतिनिधी म्हणून इतर बैठकींना जाशील तिथे परीक्षा विभागाचा विषय निघाला तर ‘मी सध्या तिथे काम करते, या विषयावर बोलणार नाही’ असं सांग आणि ते इतिवृत्तात नोंदवायला सांग. सुरुवातीला अवघड वाटेल. दुसऱ्या वेळेपासून लोक त्याबद्दल मानच देतात.

समितीवरची जागा सोडायची तयारी नसेल, तर मग तक्रार कक्ष घेऊ नकोस. ग्रंथालय, वसतिगृह, प्रवेश अशा दुसऱ्या विभागात पाठवा म्हणून विचार. तेव्हाही मी कुलगुरू कार्यालय सुचवणार नाही.

मत नसण्याचाही एक फायदा आहे, तो मित्रांना कळला नाही तरी तुला कळायला हवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावर १९७५ पासून एक विद्यार्थी सदस्य असतो. त्याची पद्धत मला फार आवडते. निवड झालेला विद्यार्थी आधी एक वर्ष नियोजित सदस्य म्हणून बसतो : कागद वाचतो, चर्चेत बोलतो, मत देत नाही. दुसऱ्या वर्षी मताधिकार मिळतो. पहिल्या वर्षात तो काय शिकत असेल? ठरावाच्या मसुद्यात कोणतं वाक्य कोणी घातलं, पैसा खर्चाच्या कोणत्या शीर्षाखालून कोणत्या शीर्षाखाली गेला, कोणता सदस्य बैठकीत गप्प बसतो आणि चहाच्या वेळेत बोलतो. तुझे तीन महिने असेच समज. तक्रारींवरून एखादा विषय समितीपुढे जाणार असेल तर मागच्या खुर्चीवर बसून टिपणं काढायची परवानगी रुजू होण्याआधीच माग.

आता मैत्रीण. ‘जरा बघशील का’ला उत्तर एकच : ‘नाही’. ‘बघते’ही नाही आणि ‘बघायला जमलं तर सांगते’ तर मुळीच नाही. नुसतं पाहणं हासुद्धा गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे, आणि संगणकावर कोणी कोणती नोंद कधी उघडली याची खूण राहते. अमेरिकेत १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या नोंदींना कायद्याचं संरक्षण आहे. कार्यालयात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही कामापुरतीच नोंद पाहता येते. युरोपात २०१८ पासून लागू झालेला माहिती संरक्षणाचा नियम विद्यापीठांनाही बांधतो. तुझ्या विद्यापीठात गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतील. नाही घेतली तर तूच माग. मैत्रिणीला एवढंच सांग : ‘कोणत्या अर्जाने, किती दिवसांत, कोणाकडे दाद मागायची हे मी तुला नीट समजावून देईन. कोणाचेही गुण, नाव, अर्ज यातलं काही मी बघणार नाही, तुझंही नाही.’ पुनर्मूल्यांकनाची मुदत चुकल्याने नुकसान झालेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत, तेव्हा ही मदत थोडी नाही. तिला राग आला तर येऊ दे. आणि तिचाच अर्ज तुझ्या टेबलावर आला तर तो न उघडता कक्ष अधिकाऱ्यांकडे दे, ‘ही माझी मैत्रीण आहे’ एवढं सांगून.

मानधनाबद्दल तू ‘थोडंफार’ म्हणून पुढे गेलीस. आकडा लेखी घे. फुकट इंटर्नशिपला मी विरोध करत आलेय, कारण मग ती फक्त ज्यांना परवडते तेच करतात आणि संस्थेला वाटतं की विद्यार्थ्यांचा सहभाग वाढला. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने गरजू विद्यार्थ्यांना विद्यापीठातच पगारी काम देण्याची योजना आली, ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत. त्यामागचा विचार सरळ आहे, की काम केलं तर पैसे मिळावेत आणि शिक्षणही सुटू नये. दुसरी गोष्ट, रिकाम्या पदावर तुला बसवतायत का ते पाहा. पहिल्याच दिवशी आवक-जावक नोंदवही पुढ्यात आली आणि महिनाभर तेच चाललं, तर ती इंटर्नशिप नाही, ती भरती टाळणं आहे. आठवडाभर नोंदवही जरूर लिही. विद्यापीठात कोणत्या दिशेने किती कागद येतो हे तिच्याइतकं कोणी सांगत नाही. त्यानंतर मात्र विचार : माझं पुढचं काम काय? हे विचारायला एक नेमका माणूस हवा, म्हणून ‘मार्गदर्शक अधिकारी’ या रकान्यात ‘परीक्षा विभाग’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नकोस. नाव आणि पद लिहून घे. परीक्षेच्या दिवसांत तास कमी करण्याची मुभाही त्याच कागदावर असू दे.

अखेरीस एक टिपण लिही. दोन पानं, जास्त नाही. त्यात आत्मकथन नको, ‘मला खूप शिकायला मिळालं’ नको. राखीव निकालांची कारणं कोणती, त्यातली कोणती परिपत्रकाने सुटतील, कोणती महाविद्यालयांकडून आगाऊ यादी मागवून सुटतील, मसुदा सोबत जोडला आहे. असा तयार मसुदा कोणताही अधिकारी नाकारत नाही, कारण त्याचं लिहायचं काम वाचतं. तो तुझ्या नावाने जाणार नाही, कोणाच्या तरी टिप्पणीत मिसळून जाईल. जाऊ दे. शिफारसपत्र मात्र कक्ष अधिकाऱ्यांकडून घे. त्यांनी तुला रोज पाहिलेलं असतं, कुलगुरूंनी दोनदा.

ता. क. चं उत्तर : कुलगुरूंना भेटायची वेळ जरूर माग, आगाऊपणा अजिबात नाही. पण पहिल्या आठवड्यात मागू नकोस. दोन महिने होऊ देत, मग त्यांच्या स्वीय सहायकांकडे पंधरा मिनिटं माग आणि विषय लेखी दे. नेतृत्वाची व्याख्या विचारलीस तर भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचार की तुम्हाला हवा होता पण करता आला नाही असा एखादा निर्णय कोणता, आणि तो कुठे अडला. बहुतेक कुलगुरूंना हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो, त्यामुळे पंधरा मिनिटांचा पाऊण तास होण्याची शक्यता आहे. त्या दिवशी दुपारची तासिका ठेवू नकोस.

— तुझी,
सदर लेखिका